तेलाचा पापुद्रा आणि हमीचा कागद

अमेरिकेतला एखादा लांबलचक महामार्ग डोळ्यांपुढे आणा. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने एक मोटार चालली आहे. मोटार काही जुनीपुराणी नाही. घेऊन चारपाच वर्षे झाली असतील. एकाएकी इंजिनातून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागतो. वेग वाढवला की आवाजही भरभर येतो. थोड्याच अंतरावर तांबडा दिवा लागतो आणि इंजिन बंद पडते. पुन्हा चावी फिरवून काही उपयोग होत नाही. गाडी ओढून दुरुस्तीला नेतात. तेथला माणूस सांगतो, "इंजिन जाम झाले. नवे घालावे लागेल." तरीही मालक निर्धास्त असतो, कारण पहिल्या मालकासाठी इंजिनाची हमी दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची आहे. मग समोरून प्रश्न येतो : "तेल बदलल्याच्या सगळ्या पावत्या आणल्या आहेत का?"

हा मालक आपण कल्पनेने उभा केला, पण असे प्रसंग त्या देशात हजारो मालकांवर खरोखरच आले. ह्युंदाई आणि किआ या एकाच घराण्यातल्या दोन कंपन्यांच्या २०११ सालापासूनच्या काही मोटारींत 'थीटा दोन' नावाचे इंजिन बसवलेले होते. त्याची ही हकिकत. तिच्यात न्यायालये येतात, सरकार येते, कोट्यवधी डॉलर येतात; पण साऱ्याच्या मुळाशी एक अतिशय पातळ वस्तू आहे, आणि ती म्हणजे तेलाचा पापुद्रा. आधी त्याचीच ओळख करून घेऊ.

सायकल चालवताना आपला पाय वरखाली होतो, पण पायडल गोल फिरते. मोटारीच्या इंजिनात नेमके हेच घडते. सिलिंडरमध्ये इंधन जळले की दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जातो. त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड पायाचे काम करतो आणि क्रँक नावाचा वाकडातिकडा दांडा पायडलसारखा फिरतो. रॉडचे खालचे टोक क्रँकच्या ज्या जाड खुंटीला धरून असते, तेथे आपल्याला थोडे थांबायचे आहे. सायकलीच्या चाकात असतात तसे छर्रे येथे नसतात. खुंटीभोवती मऊ मिश्रधातूचा मुलामा दिलेल्या दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्या असतात. हेच येथले बेअरिंग.

आता थोडे गणित करू. आपल्या 'थीटा दोन' च्या २.४ लिटरच्या इंजिनात दट्ट्याचा व्यास ८८ मिलिमीटर आहे. म्हणजे त्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस सेंटिमीटर झाले. इंधन जळते त्या क्षणी दाब वातावरणाच्या साठसत्तर पट होतो असे धरा. तर दट्ट्यावर पडणारा भार किती? सुमारे चार टन! मिनिटाला ३,००० फेरे होत असतील, तर असा दणका प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा बसतो. शिवाय खुंटीचा व्यास पाच सेंटिमीटर धरला, तर तिचा पृष्ठभाग बेअरिंगच्या आतून ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने सरकत असतो. चार टनांच्या भाराखाली धातूवर धातू या वेगाने घासला, तर काही क्षणांत दोन्ही वितळू लागतील. मग मोटारी लाखभर किलोमीटर चालतात कशा?

धातू धातूला लागतच नाही म्हणून. मधे तेल असते. हे तेल नुसते ओलसरपणा देत असेल असा समज पूर्वी होता. १८८३ साली बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. आसाचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. टॉवरने बेअरिंगच्या माथ्याला तेल घालण्यासाठी एक भोक पाडले. यंत्र सुरू केले, तर भोकातून तेल आत जाण्याऐवजी उसळून वर येऊ लागले! त्याने भोकात बूच मारले, बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही बाहेर आली. तेव्हा त्याने तेथे दाबमापक बसवला. बेअरिंगवर दर चौरस इंचाला सरासरी १०० पौंड भार होता, आणि काटा गेला २०० च्या पलीकडे. म्हणजे तेलच सारा भार उचलून धरत होते. एरवी कोणी बूच उडाले म्हणून चिडून दुसरे घट्ट बसवले असते. टॉवरने मोजमाप केले, म्हणून त्याचे नाव राहिले.

असे का होते ते ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये गणिताने दाखवले. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला, की तो टप्पे घेत जातो. वेग संपला की बुडतो. दगड तरंगतो तो स्वतःच्या गतीमुळे. बेअरिंगमध्येही खुंटी किंचित एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे तिच्याभोवतीची फट एकीकडे रुंद, तर दुसरीकडे अरुंद होते. फिरणारी खुंटी तेलाला चिकटून ओढते आणि अरुंद फटीत पाचरीसारखे कोंबते. कोंबलेल्या तेलात दाब निर्माण होतो आणि त्यावर खुंटी तरंगते. सगळ्यांत अरुंद जागी हा पापुद्रा एकदोन सहस्रांश मिलिमीटर एवढाच जाड असतो. आपल्या डोक्याचा केस सुमारे सत्तर सहस्रांश मिलिमीटर जाड असतो, म्हणजे तुलना तुम्हीच करा.

मात्र या पापुद्र्याला सतत नवे तेल लागते. पंप ते तेल इंजिनाच्या मुख्य नळीत ढकलतो. तेथून क्रँकच्या पोटात पाडलेल्या बारीक आरपार भोकांतून ते एकेका खुंटीपर्यंत पोचते. एखाद्या खुंटीचे तेल कमी झाले, की पापुद्रा फाटतो, मऊ मुलामा घासून निघतो आणि फट वाढते. मग दर दणक्याला रॉड खुंटीवर आपटतो. महामार्गावर ऐकू आलेली टक् टक् ती हीच. पुढे बेअरिंग खुंटीला चिकटून इंजिन जाम होते, किंवा रॉड तुटून इंजिनाच्या भिंतीला भगदाड पाडतो. गरम भागांवर तेल सांडले तर आगही लागते.

समोरच्या फळीवरचा तांबडा दिवा तुम्ही पाहिला असेल. त्यावर शिवणयंत्राला तेल घालायच्या कुपीचे चित्र असते. पुष्कळांना वाटते की तो तेल संपल्याचा दिवा आहे. तो दाखवतो तेलाचा दाब, आणि तोही मुख्य नळीतला. एकाच खुंटीकडे जाणारे भोक तुंबले, तर मुख्य नळीतला दाब जसाच्या तसा राहतो, दिवा विझलेलाच राहतो आणि आत बेअरिंग मात्र तहानेने मरत असते. दिवा लागतो तो बहुधा बेअरिंग झिजून फटी मोठ्या झाल्यावर.

आता परत अमेरिकेत जाऊ. ही इंजिने अलाबामा राज्यातल्या कारखान्यात तयार होत. क्रँकमध्ये तेलाची भोके पाडताना धातूचा कीस निघतो. तो पुरता काढून टाकावा लागतो. कंपनीने २०१५ साली सरकारला कळवले, की काही इंजिनांत हा कीस पुरता निघालेला नसावा. तो तेलाबरोबर बेअरिंगकडे जाऊन तेलाची वाट अडवू शकतो. एप्रिल २०१२ मध्ये तेथली सफाईची पद्धत बदललेली होती, पण आधीची इंजिने रस्त्यावर धावत होती. सप्टेंबर २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या. मार्च २०१७ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून आणखी जवळजवळ १२ लाख बोलावल्या.

तोपर्यंत मालकांचे काय झाले? न्यायालयात गेलेल्यांची तक्रार अशी होती की, दुरुस्तीला गेल्यावर दोष मालकाच्या हयगयीवर ढकलला जातो. तेल वेळेवर बदलल्याचा प्रत्येक कागद मागतात. एखादा नसला तर हमी नाकारतात. नव्या इंजिनाचा खर्च हजारो डॉलर. कित्येकांच्या मोटारीचे कर्जही फिटलेले नव्हते.

येथे कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. तेल बदलले नाही तर ते खराब होते, त्याचा चिकट गाळ होतो आणि तो त्याच बारीक वाटा बुजवतो. पातळी फार खाली गेली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. शेवट एकच : पापुद्रा फाटला, बेअरिंग गेले, टक् टक्, जाम. कारखान्यातला कीस असो की मालकाचा आळस, मरण सारखेच दिसते. म्हणून तर भांडण होते.

पण सारखे दिसते ते बाहेरून. इंजिन उघडून नीट पाहिले तर पुष्कळ कळते. तेल बदललेच नसेल, तर झाकणाखाली आणि तळाच्या पात्रात काळा गाळ व चिकट थर दिसतो. तेलच कमी पडले असेल, तर बहुधा अनेक बेअरिंगे भाजलेली असतात. बाकीची चकचकीत आणि एकच जळालेले असेल, तर संशय त्या एका वाटेवर जातो. धातूचा कठीण कण मऊ मुलाम्यात रुतून बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो. रासायनिक परीक्षणाने तो कोणत्या धातूचा हेही ओळखता येते. पावती सांगते ती तेल बदलल्याची तारीख. बेअरिंग कशाने गेले हे पावतीला कसे ठाऊक असणार?

तुटलेला भाग दर वेळी मालकाच्याच बाजूने बोलतो असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. अशा बंद पडलेल्या मोटारीची चावी कोणी पुन्हा फिरवली, आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असले, तर काय होईल? हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. दट्ट्या वर येतो, पाण्याला अडतो आणि रॉड वाकतो. वाकलेला रॉड पाहिला की जाणकार पाण्याचे नाव घेतो. हा बनावटीचा दोष नव्हे, म्हणून हमी लागू होत नाही. साध्या विम्यातही असे नुकसान बहुधा बसत नाही. चावी न फिरवता गाडी ओढून नेली असती, तर इंजिन कदाचित वाचले असते.

'थीटा दोन' चे प्रकरण मिटायला बरीच वर्षे लागली. कंपनीतल्याच एका अभियंत्याने २०१६ मध्ये अमेरिकन सरकारला आतली माहिती दिली. त्याची नोकरी गेली. २०२० च्या नोव्हेंबरात, मोटारी परत बोलावण्यात उशीर केल्याबद्दल, दोन्ही कंपन्यांवर दंड आणि सक्तीचा खर्च मिळून २१ कोटी डॉलरांचा बोजा पडला. पुढच्या वर्षी त्या अभियंत्याला २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक बक्षीस मिळाले. त्याच २०२१ साली मालकांच्या दाव्यातल्या तडजोडीला न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली. तिच्यात चाळीस लाखांच्या आसपास मोटारी येतात. इंजिनाच्या या भागाला आजीवन हमी मिळाली. अगदी टोकाची हयगय तेवढी वगळली.

या हमीची एक अट मोठी गमतीची आहे. मोटारीच्या संगणकात नवी आज्ञावली घालून घ्यायची. इंजिनाच्या अंगावर एक स्फटिकी संवेदक आधीपासूनच असतो. कंप झाला की त्यात सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो. इंधन वेळेआधी भडकल्याचे ओळखण्यासाठी तो बसवलेला असतो. नवी आज्ञावली त्याच संवेदकाकडून झिजणाऱ्या बेअरिंगची बारीक टक् टक् ऐकते, माणसाच्या कानाला कळण्याआधीच. ती ऐकू आली की दिवा लुकलुकतो आणि संगणक इंजिनाचे फेरे मुद्दाम कमी ठेवतो. मोटार रखडत का होईना, बाजूला घेता येते.

पावत्यांच्या बाबतीत तेथे १९७५ सालापासून मॅग्नसन-मॉस हा हमीविषयक कायदा आहे. अमुकच ठिकाणी पैसे मोजून तेल बदला, नाहीतर हमी रद्द, अशी अट त्यानुसार घालता येत नाही. आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही, एक उपयोगी तरतूद आहे. वस्तूतला दोष परीक्षणाशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण त्यासाठी तपासायला काही शिल्लक हवे! जळालेली बेअरिंगे भंगारात गेली आणि तेल गटारात ओतले, तर प्रयोगशाळा काय तपासणार? म्हणून इंजिन उघडताना आपण समोर असावे, छायाचित्रे घ्यावीत, काढलेले भाग मागून घ्यावेत आणि तळातले थोडे तेल स्वच्छ बाटलीत भरून ठेवावे.

तुमच्या घरी किंवा शेजारी मोटार असेल, तर मोठ्यांच्या परवानगीने एक काम करता येईल. गाडी सपाट जागी आणि इंजिन बंद करून दहा मिनिटे झालेली असावीत. तेल मोजायची पट्टी ओढून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पुरती आत घाला आणि बाहेर काढून पाहा. तेलाची रेघ दोन खुणांच्या मधे कोठे आहे ते तारीख आणि मोटारीचे किलोमीटर यांच्यासह वहीत लिहा. दर पंधरवड्याला हे करून आलेख काढला, तर तुमचे इंजिन हजार किलोमीटरला किती तेल पिते ते वर्षभरात कळेल.