सुट्टीचा कागद

सकाळी ८. रात्रपाळीच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेतला. जानेवारी महिना, म्हसावद सातपुड्याच्या पायथ्याला, त्यामुळे पहाटे हातपाय आखडतात. तीन नंबरची पावरा आजी बसूनच झोपलेली. आडवी झाली की धाप लागते. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं तर ९८! रात्री नातवानं ऑक्सिजन वाढवलेला. "जास्त दिला तर लवकर बरी होईल ना?" पोरगं दहा वर्षांचं, आजीजवळ तेच एकटं. सीओपीडीच्या, म्हणजे फुफ्फुसाच्या जुनाट धापेच्या माणसाला ८८ ते ९२ पुरे. त्यावर गेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. नळी दोन लिटरवर आणली आणि पोराला बिस्किटाचा पुडा दिला.

९.३०. राउंड. विडी ओढता का? आजीनं नाही म्हणून मान हलवली. आयुष्यभर फुंकली ती चूल. विडी न ओढणाऱ्यांच्या या आजाराबद्दल पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. मी केसपेपरच्या कडेला हातानं 'चूल' लिहिते.

११. पंपाची कॅप्सूल आजी घरी पाण्यासोबत गिळत होती. यंत्रात घालून ओढायची, हे चार वेळा करून दाखवलं. पाचव्यांदा तिनं मला करून दाखवलं.

१२.३०. सात नंबरचे बाबा निघाले. अजून दोन दिवस हवे होते, पण बकऱ्या कोण पाहणार? स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून अंगठा दिला. आठवड्यात परत येतील, आणि तेव्हा चालत येतील असं वाटत नाही.

दुपारची सिस्टर रजेवर, म्हणून डबल ड्यूटी.

३. आजीची सुट्टी लिहून झाली. छाती मोकळी, मशीनवर ९१. पण मुलगा-सून दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेत. घरी उज्ज्वलाची टाकी आहे, रिकामी. भरलेली असती तरी ऊब कुठून येणार? थंडीत दार लावून शेकोटी आतच पेटते, बकऱ्याही आतच.

५. आजीच्या गावच्या आशाताईंना फोन. शेजारीण दोन दिवसांनी येईल म्हणे, सांभाळायला. फोन होईतोवर धडगावकडची एसटी निघून गेली होती.

५.३०. डॉक्टरांनी सुट्टी खोडली, कारण लिहिलं : निरीक्षणासाठी. कागद केसपेपरला टाचला. आजीनं विचारलं, आज पोराला भाकरी मिळेल का?