लिंबाचं पान काळं कुणी केलं?

बालमित्रांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका लिंबांसाठी प्रसिद्ध आहे. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनी पाहिलंच असेल, एखादं झाड चुलीच्या धुरात धरल्यासारखं काळंकुट्ट होतं. पानांवर काजळी, फांद्यांवर काजळी, लिंबांवरसुद्धा! या रोगाला 'कोळशी' म्हणतात.

ही काजळी म्हणजे बुरशी. पण गंमत अशी, की ती पान खातच नाही. ओल्या फडक्यानं पुसून बघा, खाली पान हिरवंगार! मग ती जगते कशावर? जरा वरच्या फांदीवरची पानं उलटी करा. काळ्या माशीची पिल्लं, मावा असे बारीक किडे तिथं रस शोषत बसलेले असतात. रसात साखर फार. नको असलेली साखर ते चिकट थेंबांतून बाहेर टाकतात. थेंब खालच्या पानांवर पडतात आणि त्या गोडावर बुरशी माजते. मुंग्याही तिथंच घोटाळतात. काळ्या थरामुळे पानाला ऊन मिळत नाही, अन्न कमी तयार होतं, झाड खंगतं.

म्हणून नुसतं बुरशीनाशक फवारून भागत नाही. किडे राहिले, की काजळी पुन्हा हजर! औषधाचे पैसे गेले, मजुरीही गेली. शिवाय उगीच जहाल कीटकनाशक मारलं तर मावा खाणारे ठिपक्यांचे ढालकिडेही मरतात. ते तर आपले फुकटचे राखणदार.

पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळीची. पानाच्या पापुद्र्याखाली ती बोगदा खणते. त्या जखमेतून 'खैऱ्या' रोग शिरतो. खैऱ्या मात्र बुरशीचा नव्हे बरं का, जिवाणूंचा. त्याला बऱ्यापैकी टक्कर देणारी 'साई सरबती' ही लिंबाची जात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढली आहे.

आणि कडेनं कुरतडलेलं पान? तिथं पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर काडीनं हळूच डिवचा. डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडेल! ही लिंबावरच्या फुलपाखराची अळी. मोठ्या झाडाला चार अळ्यांनी काही होत नाही, रोपाचा मात्र खराटा होतो. रोपावरच्या अळ्या हातानंच वेचाव्यात.

पालकांनो, नक्की काय ते कळेना, तर फवारणीआधी पानांसकट डहाळी बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. पानं दोन्ही बाजूंनी बघायला सांगा.