वाईट बातमी वेळेत पोचवणारी माणसं

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस टोचण्याचं काम चाललं होतं. लस मुंबईहून, परळच्या प्रयोगशाळेतून गेली होती. त्या दिवशी १०७ जणांनी ती टोचून घेतली. त्यांतल्या १९ जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती आणि ते सगळे पुढे धनुर्वाताने गेले. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

लस बनवणारे वाल्डेमार हाफकिन तेव्हा मोठे शास्त्रज्ञ होते. १० जानेवारी १८९७ ला मुंबईत त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली होती, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, तयार झालेल्या कैद्यांवर तिची चाचणी केली होती. मुलकोवालनंतर चौकशी आयोगाने संशयाचं बोट परळकडे दाखवलं आणि हाफकिन पदावरून दूर झाले. पुढे कागद नीट वाचले गेले तेव्हा चित्र पालटलं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा गावातच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतरांनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली, त्याच वर्षी त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचं नाव आहे.

क्लिनिकल ट्रायलचं नेतृत्व करणारा माणूस नेमकं काय करतो, असं नातेवाइकांपासून नव्या उमेदवारांपर्यंत सगळे विचारतात. मला दर वेळी तो चिमटा आठवतो. चिमटा पडणारच, माणसाच्या हातून वस्तू पडतात. तो पडल्याची बातमी त्याच दिवशी लस बनवणाऱ्यापर्यंत पोचावी आणि ती लपवण्याची कुणाला गरज वाटू नये, एवढ्यासाठी हा सगळा व्यवसाय उभा आहे. प्रोजेक्ट मॅनेजर, क्लिनिकल लीड, प्रोजेक्ट डायरेक्टर या पाट्या त्याच कामाच्या.

हे काम औषध कंपनीच्या बाहेर कसं गेलं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डेनिस गिलिंग्ज हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. औषध कंपन्यांना आकडेवारीत मदत करता करता त्यांनी १९८२ मध्ये क्विंटाइल्स ही कंपनी काढली. औषध दुसऱ्याचं, चाचणी चालवायची, माहिती गोळा करायची आणि नियामकापुढे टिकेल असा हिशेब द्यायचा, हे तिचं काम. अशा कंपनीला आपण सीआरओ म्हणतो. क्विंटाइल्सचंच पुढे विलीनीकरण होऊन २०१७ पासून आयक्यूव्हिया हे नाव झालं. म्हणजे या धंद्याचा जन्मच ‘क्लायंट’ या शब्दातून झाला आहे. पैसे देणारा एक, औषध घेणारा दुसरा आणि मधे आपण. या मधल्या जागेचा ताण ज्याला कळला नाही, त्याने या व्यवसायात वर चढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात हे काम वेगाने वाढलं ते २००५ नंतर. त्या वर्षी उत्पादनाचं पेटंट लागू झालं आणि औषध नियमांतल्या ‘शेड्यूल वाय’मध्ये बदल झाला. आधी परदेशी औषधाची चाचणी इथे एक टप्पा मागे राहून करावी लागे. आता दुसरा आणि तिसरा टप्पा जगाबरोबर इथेही करता येऊ लागला. मुंबई, ठाणे, पुणे, बंगळूर, अहमदाबाद इथे कचेऱ्या उघडल्या. बीफार्म, बीएएमएस, बीडीएस, मायक्रोबायोलॉजी केलेली मुलं-मुली बॅग घेऊन रात्रीच्या गाड्यांनी साइटवर, म्हणजे चाचणी चालणाऱ्या रुग्णालयांत, जाऊ लागली. मी त्यांतलीच एक.

मग घसरण आली, आणि ती आपल्या कर्मानेच आली. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. मुलींच्या संमतीची पद्धत इतकी ढिली होती की २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. २०१२ मध्ये इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने अशा चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१३ च्या जानेवारीत भरपाईचा नियम आला, फेब्रुवारीत एथिक्स कमिट्यांची नोंदणी सक्तीची झाली. पुढची दोन-तीन वर्षं नव्या चाचण्या खूपच घटल्या. सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्या वेळी कचेरीत नियमांना दूषणं देणारे पुष्कळ होते. मला मात्र आजही वाटतं, तो कडकपणा उशिराच आला.

कारण समजायला भरपाईचं सूत्र एकदा हाताने सोडवून पाहावं. आठ लाख रुपये हा पाया. त्याला वयाचा आणि आजाराच्या जोखमीचा असे दोन गुणक. आलेल्या उत्तराला ९९.३७ ने भागायचं. वयाचा गुणक सोळा वर्षांपर्यंत २२८.५४ आणि पासष्टीपुढे ९९.३७. जोखमीचा अंक अर्ध्यापासून चारपर्यंत, आणि माणूस जितका निरोगी तितका तो मोठा. चाचणीमुळे मृत्यू झाला तर या सूत्राने रक्कम चार लाखांपासून सुमारे साडेत्र्याहत्तर लाखांपर्यंत जाते. मी प्रत्येक नव्या टीमकडून हे गणित कागदावर करून घेते. त्यानंतर ‘गंभीर घटना चोवीस तासांत कळवणे’ हे वाक्य त्यांना निराळं ऐकू येतं. चोवीस तासांत इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे चाचणी करणाऱ्या डॉक्टरने, नियामकाला, स्पॉन्सरला म्हणजे औषध कंपनीला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं, चौदा दिवसांत कारणमीमांसेसह अहवाल द्यायचा. २०१९ च्या नव्या नियमांतही हे कायम आहे.

या क्षेत्रात चढण्याची शिडी सगळ्यांना माहीत असते: साइटवर कोऑर्डिनेटर, मग सीआरए म्हणजे मॉनिटर, मग सीनियर, लीड, मॅनेजर, डायरेक्टर. पण पायऱ्या पटापट चढणाऱ्यांचं पुढे अडतं. ज्याने रुग्णालयाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसून केसपेपर आणि केस रिपोर्ट फॉर्म ओळ-ओळ ताडून पाहिला नाही, त्याला क्लायंटच्या मीटिंगमध्ये कुठला आकडा खरा आणि कुठला हवेतला, हे ओळखता येत नाही.

संमतीपत्राचंच घ्या. इंग्रजी मसुदा येतो, त्याचा मराठी अनुवाद होतो, दुसरा माणूस तो उलट इंग्रजीत नेतो आणि दोन्ही ताडून पाहतात. कागद चोख ठरतो. पण ‘प्रयोग’ हा शब्द वाचला की रुग्णाचे नातेवाईक खुर्ची मागे सारतात. ‘संशोधन’ म्हटलं की पुस्तकी वाटतं. ‘ट्रायल’ सगळ्यांना चालतो, पण कपड्याचीही ट्रायलच असते. कुणाला कुठलं औषध मिळेल हे नशिबावर आहे, हे सांगायला ‘लॉटरी’ म्हटलं की लागली-नाही लागली आलंच, म्हणजे एका गटात जाणं हा फायदा ठरला. चिठ्ठ्या टाकणं हे उदाहरण त्यातल्या त्यात बरं. आणि ‘तुम्ही कधीही बाहेर पडू शकता’ हे वाक्य वाचून झाल्यावर येणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: “मग डॉक्टरसाहेब रागावणार नाहीत ना?” या प्रश्नाला कोऑर्डिनेटर काय उत्तर देते, त्यावर संमती खरी की खोटी हे ठरतं. हे मी युरोप-अमेरिकेतल्या क्लायंटना खूप वेळ देऊन सांगत आले आहे. ऐकणारे ऐकतात, आणि त्यांच्याशीच नातं टिकतं.

तसंच पंचांगाचं. भेटीची खिडकी ‘अधिक-उणे तीन दिवस’ अशी आखलेली असते आणि ती नेमकी गौरी-गणपतीत, पेरणीत किंवा आषाढीच्या वारीत पडते. रुग्ण येत नाही. कागदावर ते प्रोटोकॉल डेव्हिएशन होतं, त्याच्या घरी मात्र ते अगदी स्वाभाविक असतं. भरतीचं वेळापत्रक बनतानाच हे क्लायंटसमोर मांडावं लागतं. नंतर सांगितलं तर सबब वाटते.

भरतीचा आकडा हा तर या धंद्याचा जुना रोग. चाचणी सुरू व्हायची असते तेव्हा डॉक्टरांना सगळीकडे पात्र रुग्ण दिसतात. चाचणी सुरू झाली की ते अदृश्य होतात. क्लिनिकल फार्माकॉलॉजीतले मोठे नाव लुई लासान्या यांच्या नावाने हा ‘नियम’ जगभर ओळखला जातो. काम मिळवण्यासाठी क्लायंटपुढे जी बिड डिफेन्सची मीटिंग होते, तिथे फुगलेला आकडा सांगण्याचा मोह भयंकर असतो. शेजारच्या खोलीतली कंपनी दहा महिन्यांचा वायदा करत असते आणि आपण चौदा म्हणायचं. मी चौदा म्हणून कामं गमावली आहेत. कमी किमतीत काम उचलायचं आणि मग महिन्या-महिन्याला चेंज ऑर्डर पाठवून पैसे वाढवून घ्यायचे, ही रीतही मी जवळून पाहिली. पहिल्या करारात ती फायद्याची ठरते. तिसरा करार होत नाही.

एक चूक माझी स्वतःची आहे. मधुमेहाच्या एका चाचणीत तीन साइट मागे पडल्या होत्या. दर आठवड्याच्या अहवालात हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरायचे असतात. पुढच्या महिन्यात भरून निघेल या आशेने मी दोन महिने हिरवा रंग ठेवला. मे महिन्यात तो लाल करावा लागला. क्लायंटच्या बाजूच्या प्रमुख बाईंनी आवाज चढवला नाही. मार्चमध्ये कळलं असतं तर मी आमच्या लोकांकडून वेळ मागून घेतला असता, आता मला काहीच मागता येत नाही, इतकंच त्या म्हणाल्या. त्यांना त्यांच्याच घरात मी खोटं पाडलं होतं. पुढचं काम दुसरीकडे गेलं, आणि ते योग्यच झालं.

माझ्या चुकीचं नुकसान करारापुरतं राहिलं. खोटेपणा मोठा असला तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१४ मध्ये फ्रेंच नियामकांनी हैदराबादच्या एका संशोधन कंपनीची तपासणी केली. जेनेरिक औषधांच्या चाचण्यांत स्वयंसेवकांचे ईसीजी बदललेले आढळले. २०१५ मध्ये युरोपात सुमारे ७०० औषधांचे परवाने स्थगित करण्याची शिफारस झाली. त्या कागदांवर विसंबलेल्या कंपन्या कितीतरी देशांतल्या होत्या.

भागीदारी म्हणजे काय, याचं माझ्या मनातलं उदाहरण मात्र मुंबई-पुण्यातलंच आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या मेंदूज्वराच्या साथी येत. बड्या कंपन्यांना त्या लशीत रस नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मार्क लाफोर्स यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू केला. आफ्रिकी देशांचं म्हणणं एकच होतं: डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा. म्हणून कामाची मांडणी किमतीपासून उलटी झाली. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली, लशीतले दोन घटक जोडण्याचं तंत्र अमेरिकेच्या एफडीएच्या प्रयोगशाळेतून आलं. पहिल्या टप्प्याची चाचणी २००५ मध्ये भारतात ७४ निरोगी तरुणांवर झाली आणि तिचा निबंध मुंबईच्या केईएमच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि सहकाऱ्यांच्या नावे प्रसिद्ध झाला. पुढच्या चाचण्या माली, गांबिया, सेनेगलमध्ये झाल्या. भारतातल्या मुलांमधला अभ्यास पुण्याच्या केईएमने वढू परिसरात केला. ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि त्या पट्ट्यातल्या ए गटाच्या साथी थांबल्या.

या हकिकतीत मला विज्ञानाइतकंच मधलं काम दिसतं. परळमध्ये घेतलेला रक्ताचा नमुना परदेशातल्या प्रयोगशाळेपर्यंत गोठलेल्या अवस्थेत पोचणं, मालीच्या बामाकोतल्या आईला आणि वढूतल्या आईला एकच गोष्ट आपापल्या भाषेत समजणं, चार खंडांतल्या माणसांनी एकाच तक्त्यात तारखा भरणं. याचं श्रेय कुणाच्याच नावावर पडत नाही, आणि यातली एक कडी तुटली असती तरी ती लस वर्षानुवर्षं रखडली असती.

नव्या माणसाची मुलाखत घेताना मी त्याला यशाबद्दल विचारत नाही. नको असलेली बातमी शेवटची कधी आणि कुणाला दिली, एवढं विचारते. बहुतेक जण थांबतात. काही जण लगेच बोलू लागतात, आणि मी त्यांना घेते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. सोलापूरकडच्या एका रुग्णालयातली कोऑर्डिनेटर होती. रात्री वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला आणि औषधांच्या फ्रीजने आठ अंशांची मर्यादा ओलांडली. त्या दिवशी तिला सुट्टी होती. आदल्या रात्री लाइट गेले तेव्हापासून मनात राहिलं म्हणून ती अंघोळ करून तशीच आली होती. सगळा साठा तिने बाजूला काढला होता, कुणालाही डोस दिला नव्हता. युरोपात पहाट झाली नव्हती, तरी आमची मेल लगेच गेली. दुपारी त्यांचं उत्तर आलं आणि नव्या साठ्याची व्यवस्था सुरू झाली. मेलसोबत तिने काढलेला फोटो होता. खोक्यावर तिच्या ठसठशीत अक्षरात ‘वापरू नये’ लिहिलेलं, खाली सही, तारीख, वेळ, आणि मागे दाराला लावलेलं झेंडूचं तोरण.