पाण्याने लिहिलेली गिरणीची वही

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्लजवळ फाँव्हिएय नावाचं गाव आहे. इथे येणारे बहुतेक जण टेकडीवरची पवनचक्की बघायला जातात, कारण आल्फाँस दोदेच्या कथासंग्रहाने तिला नाव मिळवून दिलं. (दोदे त्या पवनचक्कीत कधी राहिलाच नव्हता, पण ते सोडा.) गावाबाहेर बार्बेगालला रोमनांची पाणचक्की मोडून पडली आहे. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही.

रस्त्यालगत जलसेतूचे मोडके खांब दिसतात, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं. खांबांच्या कडेकडेने चालत गेलं की कातळ फोडून केलेली खिंड लागते. पाणी इथूनच जायचं. खिंडीतून बाहेर पडलं की उतार एकदम पायाखाली येतो आणि त्याच्या तळाशी दूरवर सपाट शेतं पसरलेली असतात. या उतारावर आठ-आठ चाकांच्या दोन ओळी होत्या, एकूण 16 चाकं. वरच्या चाकाच्या माथ्यावर पडलेलं पाणी त्याला फिरवून खालच्याकडे जायचं, तिथून त्याच्या खालच्याकडे. एकाच पाण्याकडून आठदा काम करून घ्यायचं, असा हिशेब.

आज उरलंय काय? दगडी भिंतींचे बुंधे, चाकांच्या खोल घळी आणि त्यात माजलेलं गवत. चाकं लाकडी होती, ती कधीच गेली. आपल्याकडची संभाजीनगरची पाणचक्की बघितलेल्याला इथे एक फरक जाणवतो. तिथे चाक आडवं, जात्याच्या खालीच; चाकाचा दांडाच वरची तळी फिरवतो. इथे चाकं उभी, म्हणजे उभं फिरणं आडवं करायला दातेरी चक्रं हवीतच. तीही लाकडाची असणार, म्हणून तीही गेली. जात्याच्या तळ्यांचे तुकडे मात्र सापडले, काळ्या बसाल्टचे. आपल्या जात्यांच्या दगडाचेच भाईबंद.

फर्नां बन्वा यांनी 1937 ते 1939 मध्ये इथे उत्खनन केलं. गिरणी रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळातली, असं तेव्हा ठरलं. पुढच्या उत्खननांनी ती थेट दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेली.

मला सगळ्यात भावतो तो चुना. इथलं पाणी चुनखडीच्या डोंगरांतलं, जड. बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होते, तशी इथली चाकं आणि पन्हळी पांढऱ्या होत गेल्या. पुढे लाकूड कुजलं, पण त्यावर चढलेली पुटं राहिली. त्यांच्या आतल्या अंगावर लाकडाच्या रेषा जशाच्या तशा उठल्या आहेत. अशा 142 तुकड्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. काही तुकड्यांचा आकार विचित्र होता. ते कोपरासारख्या वळलेल्या लाकडी पन्हळीवरचे, हे दोन वर्षांनी उलगडलं. जी पन्हळ कुणी पाहिलेली नाही, तिचं वळण तिच्यावरच्या मळानं सांगितलं!

पुटांचे थर ऋतुमानाप्रमाणे बदलतात आणि त्यांत खंड दिसतात. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात गिरणी बंद असायची, असं त्यातून निघतं. आता अडचण अशी, की आर्लच्या भाकरीसाठी ही गिरणी चालायची, असंच सगळे धरून चालले होते. शहराला बाराही महिने भाकरी लागते. मग गिरणीवाला दरवर्षी कुलूप का लावेल? अभ्यासकांचं म्हणणं असं, की इथलं पीठ जहाजांवर न्यायच्या कडक बिस्किटांसाठी जात असावं. आर्ल हे मोठं बंदर आणि हिवाळ्यात समुद्रावरची वाहतूक मंदावायची, तेव्हा साठवणीच्या मालाची मागणीही हंगामीच असणार. मला हे पटतं. उत्पादनाचे आकडे मात्र मी जपून घेतो. दिवसाला साडेचार टनांपासून पंचवीस टनांपर्यंत पीठ निघे, असे अंदाज आहेत. एवढ्या फरकाचे दोन आकडे असतील, तर त्यांच्यावर रोमन काळाचं अर्थशास्त्र कुणी उभं करू नये. गिरणी महिनोन्‌महिने थांबत होती, हे मात्र चुन्यात स्पष्ट आहे, आणि जो कुणी नवा आकडा मांडेल, त्याला आधी ते महिने वजा करावे लागतील.