कळा, सिझर आणि बाळाचं हृदय

सिझर व्यवस्थित पार पडतं, बाळ रडतं, वजनही तीन किलोच्या घरात असतं. पेढे आणायला कुणीतरी निघालेलं असतं, तेवढ्यात नर्स बाहेर येऊन सांगते, ‘बाळाला जरा धाप आहे, काचेत ठेवलंय.’ घरच्यांच्या पोटात गोळा येतो. सोनोग्राफी नॉर्मल होती, मग एकाएकी काय बिघडलं? बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं. पोटातल्या रक्ताभिसरणाकडून बाहेरच्या रक्ताभिसरणाकडे जाण्याचा बदल जन्मताच वेगाने व्हायला हवा, तो रेंगाळलेला असतो. आणि तो किती वेगाने होतो, हे बऱ्याच अंशी जन्म कसा आणि कधी झाला यावर ठरतं.

पोटात असताना बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. त्यामुळे फुप्फुसांकडे जास्त रक्त पाठवण्याची गरज नसते, आणि तिथल्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असल्याने ते जातही नाही. त्यासाठी हृदयाकडे दोन आडवाटा असतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झडपेची खिडकी असते, ती फोरामेन ओव्हेल. फुप्फुसाच्या धमनीला थेट महाधमनीशी जोडणारी नळी असते, ती डक्टस आर्टेरिओसस. या दोन वाटांनी बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून शरीरात जातं. मोठ्या माणसात सगळा जोर हृदयाच्या डाव्या बाजूवर असतो. पोटातल्या बाळात मात्र उजवा कप्पा डाव्यापेक्षा थोडं जास्तच रक्त ढकलत असतो.

पहिला श्वास आत गेला की हे सगळं उलटतं. फुप्फुसांत हवा शिरते, ऑक्सिजन वाढतो, आकसलेल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि फुप्फुसांकडचा रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढतो. तिथून परतलेलं रक्त डाव्या बाजूला येतं, तिथला दाब वाढतो आणि खिडकीची झडप मिटते. डक्टसची नळी ऑक्सिजनमुळे आकसू लागते. दिवस भरलेल्या बाळात ती साधारण एक ते तीन दिवसांत बंद होते.

प्रसूतिगृहात हा बदल पाहता येतो. बाळाच्या उजव्या मनगटाला पल्स ऑक्सिमीटरची पट्टी लावतात. उजव्याच हाताला, कारण त्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी डक्टसच्या तोंडाआधीच महाधमनीतून निघते. मेंदूला जे रक्त मिळतं, तेच तिथे मोजलं जातं. ज्यांना श्वासासाठी कोणतीही मदत लागली नाही, अशा बाळांची मोजणी मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्या मिनिटाला ऑक्सिजनची पातळी अवघी ६६ टक्क्यांच्या आसपास होती, पाचव्या मिनिटाला ८९. म्हणजे निरोगी बाळही पहिली काही मिनिटं निळसरच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण सिझरने जन्मलेल्या बाळांचे हे आकडे नॉर्मल प्रसूतीच्या बाळांपेक्षा थोडे मागे चालतात.

असं का होतं? जन्ममार्गातून येताना बाळाची छाती दाबली जाते आणि फुप्फुसांतलं पाणी पिळून निघतं, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. त्याचा वाटा आहे, पण छोटा. तीन किलोच्या बाळाच्या फुप्फुसांत साधारण ६० ते ९० मिलीलिटर पाणी असतं आणि त्यातलं बरंचसं आतल्या आत शोषलं जातं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या रक्तात अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन उसळतं. फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशी तोवर पाणी तयार करत असतात. या संप्रेरकांच्या इशाऱ्यावर त्यांच्यातले सोडियमचे मार्ग उघडतात आणि त्याच पेशी पाणी ओढून घेऊ लागतात. ह्युगो लागेरक्रान्ट्झ आणि थिओडोर स्लॉटकिन या शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जन्मावेळच्या या ताणावर लेख लिहिला. हा ताण बाळाला बाहेरच्या जगासाठी तयार करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कळा सुरू होण्याआधीच तारीख ठरवून सिझर केलं, तर बाळाला ही तयारी पुरती मिळत नाही.

फुप्फुस ओलं राहिलं की त्याचा भार हृदयावर येतो. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या उघडायला वेळ लागतो, उजव्या कप्प्याला जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं आणि डक्टसची वाट जास्त वेळ वापरात राहते. नियोजित सिझरनंतर फुप्फुसांतला दाब हळू उतरतो, हे इको तपासणीत १९८०च्या दशकातच दिसून आलं होतं. बहुतेक बाळं यातून दोन-तीन दिवसांत बाहेर पडतात आणि काचेतून आईच्या कुशीत येतात. क्वचित एखाद्या बाळात हा दाब उतरतच नाही. अशा वेळी उजव्या हातातल्या आणि पायातल्या ऑक्सिजनच्या आकड्यांत फरक पडू शकतो. अशुद्ध रक्त अजूनही डक्टसमधून शरीराकडे जात असल्याची ती खूण. हा आजार गंभीर आहे, आणि कळांशिवायच्या सिझरनंतर त्याचं प्रमाण अधिक आढळतं.

पण दोष सुरीचा नाही. कळा सुरू झाल्यावर सिझर करावं लागलं, तर संप्रेरकांची ती उसळी बाळाला बऱ्यापैकी मिळालेली असते. उलट नॉर्मलच्या हट्टापायी प्रसूती फार लांबली आणि बाळाचा ऑक्सिजन तुटला, तर हृदयाच्या स्नायूलाच इजा होऊ शकते. अशा वेळी सिझरच बाळाला वाचवतं. सिझर झालेल्या आईला ‘नॉर्मल नाही जमलं का?’ असं विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मोठा फरक पडतो तो आठवड्यांचा. अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या, आधी सिझर झालेल्या मातांच्या नियोजित सिझरचा अभ्यास २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. श्वासाचा त्रास, अतिदक्षता विभागात भरती अशा अडचणी ३७व्या आठवड्यात १५.३ टक्के बाळांना आल्या, ३८व्यात ११ टक्के आणि ३९व्यात ८ टक्के. दोन आठवड्यांत धोका जवळजवळ निम्म्यावर. ‘नववा महिना लागलाय, आता कधीही केलं तरी चालतं’ हे आपल्याकडचं म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

आणि आपल्याकडे तर मुहूर्त काढून सिझर होतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याची नोंद आहे. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७ टक्क्यांवर होतं. त्यांतली अनेक सिझर गरजेची असतात. पण पंचांगातला चांगला दिवस ३७व्या किंवा ३८व्या आठवड्यात पडतो म्हणून बाळाला लवकर बाहेर काढणं मला अजिबात पटत नाही. नक्षत्र चांगलं मिळेल, पण फुप्फुस ओलं आणि हृदयावर भार, अशी सुरुवात कोणत्या आईवडिलांना हवी असेल?

नाळेचाही प्रश्न आहे. पोटात असताना हृदयाच्या डाव्या बाजूला भरपूर रक्त पुरवते ती नाळ. श्वास सुरू होण्याआधीच ती बांधली, तर तो पुरवठा तुटतो आणि फुप्फुसांकडून येणारा अजून सुरू झालेला नसतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात अपुऱ्या दिवसांच्या कोकरांवर प्रयोग झाले. नाळ आधी बांधली तेव्हा त्यांचे ठोके आणि हृदयातून बाहेर पडणारं रक्त झपाट्याने घटलं. आधी श्वास देऊन मग बांधली तेव्हा हृदय स्थिर राहिलं. बाळाला तातडीची मदत लागत नसेल, तर किमान एक मिनिट नाळ बांधू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझरमध्येही हे करता येतं.

तुमच्या घरात सिझरची तारीख ठरत असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: त्या दिवशी किती आठवडे पूर्ण होतात, ३९ होईपर्यंत थांबता येईल का, आणि नाळ बांधायला मिनिटभर थांबाल का.