वाळवंटी अल्बुकर्कीत घर घेताय? आधी ‘या’ ३ गोष्टी तपासा

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या वाळवंटात वसलंय. वर्षाचा पाऊस जेमतेम २२-२३ सेंटीमीटर. त्यामुळे इथल्या घरखरेदीचं गणित वेगळं आहे.

१. कर : राहत्या घराचं करासाठीचं मूल्यांकन वर्षाला ३ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. मात्र घर विकलं गेलं की पुढच्या वर्षी ते बाजारभावाने नव्याने ठरतं. म्हणजे जुन्या मालकाचं कमी बिल बघून बजेट आखलं, तर फटका बसणारच. कर कर्जाच्या हप्त्यातून जात असेल, तर हप्ताही वाढतो.

२. कूलर : अनेक जुन्या घरांच्या छतावर पाण्याचा कूलर असतो. तत्त्व आपल्या विदर्भातल्या कूलरचंच. कोरड्या हवेत तो मस्त चालतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कमी पडतो. एसी आहे का, विचारा.

३. अंगण : लॉन भरपूर पाणी पितं. ते काढून कमी पाण्याची झाडं लावणाऱ्यांना इथलं पाणी प्राधिकरण आर्थिक सवलत देतं. घर विकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. पण नुसती खडी पसरू नका, ती तापते. स्थानिक झाडांची सावली आणि ठिबक, दोन्ही हवं.