चार वाजता दमणारा सर्व्हर

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा म्हणजे एरवी मागील इतिवृत्त वाचून कायम करणे आणि चहा पिणे, या दोहोंच्या मध्ये उरकणारी गोष्ट. गेल्या श्रावणातली सभा मात्र दोन तास चालली. विषय एकच होता. वाचनालयाची ग्रंथसूची इंटरनेटवर आल्याला अडीच वर्षे झाली, आणि आता ती संध्याकाळी इतकी रखडते की सभासद वैतागले आहेत. पुस्तकाचे नाव टाकावे आणि पडद्यावरचे ते गोल फिरणारे चक्र पाहत बसावे. एक ज्येष्ठ सभासद तर काउंटरवर सर्वांदेखत म्हणाले, “एवढ्या वेळात मी दोन कपाटं धुंडाळून आलो असतो.”

बोलता बोलता गाडी ग्रंथपालबाईंवर आली. बाईंना कॉम्प्युटरची सवय नाही, त्यांच्या टेबलावरचे मशीन जुनाट आहे, त्या एकेक अक्षर शोधून टाइप करतात, असे एकेकाचे निदान. ज्या बाईंनी हस्तलिखित दाखलनोंदवह्या समोर ठेवून अडतीस हजार पुस्तकांच्या नोंदी एकटीने चढवल्या, त्या कोपऱ्यात पेनचे टोपण काढत-घालत गप्प बसल्या होत्या. ठराव दोन आले. बाईंना काउंटरवरून आतल्या विभागात हलवून एक चलाख मुलगा नेमावा, हा पहिला. तिप्पट भाड्याचा मोठा सर्व्हर घ्यावा, हा दुसरा. अनुदानाचा हप्ता कधी येईल याची शाश्वती नसलेल्या संस्थेला दोन्ही परवडणारे नव्हते. पण ‘काहीतरी करा’ असे सगळे म्हणू लागले, की काहीतरी केले जातेच. मी “गणपतीला माझा भाचा येतोय, त्याला एकदा दाखवू,” असे म्हणून महिन्याची मुदत मागून घेतली.

ही सूची राहते कुठे, हे आधी सांगायला हवे. ती आमच्या गावात नाही. भाड्याच्या एका ‘आभासी सर्व्हर’वर ती आहे. आभासी म्हणजे खोटा नव्हे. जुन्या वाड्यात पार्टिशने घालून बिऱ्हाडे करत, तसा हा प्रकार. एक दणकट संगणक असतो. त्याचे प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाटून त्यात अनेक छोटे संगणक ‘आहेत’ असे भासवले जाते, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते की सगळा वाडा आपलाच. ही वाटणी करणाऱ्या कारभाऱ्याला हायपरवायझर म्हणतात. कल्पना मुळीच नवी नाही. १९६७ साली आयबीएमच्या केंब्रिज इथल्या केंद्रात एका मोठ्या यंत्राची अशी अनेक यंत्रे करून दाखवली गेली होती, आणि १९७२ मध्ये कंपनीने ती सोय ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आणली. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून ‘झेन’ नावाचा कारभारी आला. २००६ मध्ये अॅमेझॉनने त्याच्याच जोरावर तासाच्या हिशेबाने संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयालाही बिऱ्हाड परवडू लागले.

भाचा आला तो गौरींच्या आदल्या दिवशी. शुक्रवारी सव्वाचार वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. पासवर्ड बाईंच्या वहीत होता, तो त्यांनी फोनवर अक्षर न अक्षर सांगितला.

पहिली गोष्ट त्याने केली ती मला फार आवडली. त्याने थेट सर्व्हरच्या पोटात शिरून तिथूनच एक पुस्तक शोधले. नऊ सेकंद लागली. “मामा, आता इथे ना तुमच्या गावचं इंटरनेट आहे, ना बाईंचं जुनं मशीन. तरी नऊ सेकंद. म्हणजे दुखणं आतच आहे.” अडीच मिनिटांत बाई निर्दोष सुटल्या होत्या आणि आम्ही दोन तास सभा घेतली होती.

पुढे काय करायचे, याची या मंडळींत एक रीत आहे. ब्रेंडन ग्रेग नावाचे एक गृहस्थ संगणकांच्या मंदपणाचे वैद्यच मानले जातात. ते म्हणतात, प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारा : किती वापरात आहे, त्याच्यापुढे रांग लागली आहे का, आणि चुका होत आहेत का. याच ग्रेग यांनी २००८ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना, डिस्कांच्या फडताळासमोर उभे राहून त्यांच्यावर जोरात ओरडून दाखवले होते. त्या ओरडण्याच्या कंपनांनी डिस्क खरोखर मंदावल्या आणि आलेखावर टोक उमटले! यंत्रावर ओरडून ते सुधारत नाही, उलट बिघडते, याचा इतका शास्त्रशुद्ध पुरावा दुसरा नसेल.

भाचा ओरडला नाही. त्याने ‘टॉप’ ही आज्ञा दिली आणि आकड्यांचा एक तक्ता पुढे आला. वर तीन आकडे होते, गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांतला सरासरी ‘भार’. तिन्ही ४ च्या पुढे. आमच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला प्रोसेसर एकच, म्हणजे एका गिऱ्हाइकाचे काम चालू असताना तीन-चार जण ताटकळत उभे. पण रांग कशासाठी आहे, हे तो आकडा सांगत नाही. लिनक्समध्ये १९९३ पासून या भारात डिस्कची वाट पाहणारेही धरले जातात. मोठा भार दिसला की प्रोसेसर कमी पडला, असे समजून लोक मोठा सर्व्हर घेतात आणि दुखणे डिस्कमध्येच राहते.

मेमरी कमी पडली का? टेबलावर जागा संपली की माणूस कागद कपाटात ठेवतो आणि दर वेळी उठून काढतो, तसे संगणकही करतो, आणि सगळा वेळ त्या उठबशीत जातो. पण तशी ये-जा शून्य होती. डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ एक टक्का. मग त्याने एका कोपऱ्यातल्या ‘एसटी’ या दोन अक्षरांवर बोट ठेवले. पुढे आकडा होता ८८.

एसटी म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर लाल डबा येणार! इथे त्याचा अर्थ ‘स्टील’, म्हणजे चोरी. सर्व्हर काम करायला तयार आहे, पण कारभारी त्याला प्रोसेसर देत नाही, अशा वेळाचे हे माप. लिनक्समध्ये हा रकाना २००५ पासून आहे. शंभरातली अठ्ठ्याऐंशी मिनिटे आमचा सर्व्हर बाहेरच्या बाकावर बसून होता.

मला वाटले, चोर सापडला; शेजारचे कुठले तरी बिऱ्हाड सगळे पाणी ओढत असणार. तसे होतेही. पण भाच्याने विचारले, “रोज होतं का हे?” मी बाईंना फोन लावला. बाईंनी वहीच काढली. आपल्यावर आळ येतोय हे कळल्यापासून त्यांनी तारीखवार नोंद ठेवली होती! सोमवारी वाचनालय बंद. मंगळवारी आणि बुधवारी सूची दिवसभर सुरळीत. गुरुवारपासून रविवारपर्यंत दुपारी चारच्या सुमारास ती बसते. आम्ही याचा अर्थ ‘संध्याकाळची गर्दी’ असा लावला होता. पण सुट्टीनंतरच्या मंगळवारी तर सर्वांत जास्त गर्दी असते, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

“शेजारी घड्याळ आणि वार बघून त्रास देत नाही, मामा. हा तुमचाच हिशेब आहे,” भाचा म्हणाला.

हिशेब असा. स्वस्त योजनांत प्रोसेसर पूर्ण वेळ मिळत नाही. आमच्या वाट्याला दहा टक्के, म्हणजे तासाला सहा मिनिटे येतात. न वापरलेली मिनिटे खात्यात साठतात, पण १४४ च्या वर नाही. शिल्लक आहे तोवर सर्व्हर पूर्ण वेगाने धावतो. संपली की कारभारी त्याला दहा टक्क्यांवर आणून ठेवतो, आणि ती अडवणूकही त्याच चोरीच्या रकान्यात दिसते. वाचनालय आठ ते आठ. रात्रीच्या बारा तासांत जमा ७२ मिनिटे. दिवसा तासाला खर्च १५, जमा ६, तूट ९. बहात्तर भागिले नऊ, आठ तास. सकाळी आठला उघडलेले दुकान दुपारी चारला दिवाळखोर! सोमवारी काहीच खर्च नाही, म्हणून मंगळवारी सकाळी खाते १४४ वर भरलेले असते, आणि ते बुधवार रात्रीपर्यंत पुरते. कंपनीच्या पानावर शिल्लकीचा आलेख होता, तो उघडला तर करवतीचे दाते असावेत तसा. भाड्याने देणाऱ्यांनी आमच्या दोन्ही पत्रांना ‘आमच्याकडे सर्व सुरळीत आहे’ असे उत्तर दिले होते. ते खरे होते. पण हा आलेख बघा, असे एक वाक्य त्यात असते तर बरे झाले असते.

आता प्रश्न उरला, तासाला पंधरा मिनिटे खाते कोण? वाचकांचे शोध आणि किरकोळ कामे मिळून चार. उरलेली अकरा मिनिटे एकच काम खात होते. वाचनालय उघडे असताना दर पाच मिनिटांनी सबंध सूचीची अनुक्रमणिका पहिल्यापासून नव्याने बांधली जात होती. एका वेळेला पंचावन्न सेकंद, तासातून बारा वेळा.

“हे कोणी सांगितलं होतं?” भाच्याने विचारले.

मी उठून पाण्याचा तांब्या आणला. सूची सुरू झाली तेव्हा, नवे पुस्तक नोंदवल्याबरोबर पाच मिनिटांत दिसलेच पाहिजे, असा आग्रह धरणारा मीच. तेव्हा सूचीत जेमतेम चार हजार पुस्तके होती आणि ते काम काही सेकंदांत होई. बाई जसजशा वह्यांमागून वह्या संपवत गेल्या, तसतसे ते काम फुगत गेले. म्हणजे सूची मंदावली ती बाई झपाट्याने काम करत होत्या म्हणून, आणि माझ्या हौसेमुळे.

उपाय शनिवारी दुपारी झाला. सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधण्याऐवजी नव्या नोंदीपुरती भर घालायची, एवढाच बदल. त्याला सेकंदही लागत नाही. सर्व्हर तोच, भाडे तेच.

भाद्रपदातल्या सभेत मी हे सगळे सांगितले आणि माझ्या नावासकट इतिवृत्तात घालायला लावले. दोन्ही ठराव मागे घेतले गेले. बाईंवर बोललेल्यांपैकी एकजण ‘आम्ही तसं म्हणालोच नव्हतो’ असे पुटपुटले, ते इतिवृत्तात नाही.

खरी परीक्षा गुरुवारची होती. चार वाजून दहा मिनिटांनी मी मुद्दाम काउंटरवर गेलो. बाईंनी एक नाव टाकले, आणि पान झटकन आले. त्यांनी आणखी एक टाकले, मग आणखी एक. नंतर वही मिटून माळ्याकडे पाहत म्हणाल्या, “वर ती दोन खोकी आहेत ना जुन्या दिवाळी अंकांची, तीही चढवायला घेऊ का आता?”